रक्ताची भिशी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझा विषय 'रक्तदान, अस्थिमज्जादान आणि अवयवदान' असा छापलाय. दानं तीन आणि वेळ एक तास. तिन्हींवर बोलायचं ठरवूनच आलेय. सुरुवात मात्र रक्तापासून करते, कारण माझी तीस वर्षं रक्तपेढीत गेली, तंत्रज्ञ म्हणून. आता तिला रक्तकेंद्र म्हणायचं असतं. पण माझ्या तोंडात पेढीच बसलीय, आणि मला तो शब्द आवडतोही. पेढीवर माणूस ठेव ठेवतो, अडीनडीला काढतो. एवढंच, की या पेढीतली ठेव नासते. आज मला मुख्य सांगायचंय ते या नासण्याबद्दल.

इथे द्राक्षबागायतदार किती बसलेत? हात वर करा बघू. अर्धा मांडव! मग मोरचूद म्हणजे काय ते मी सांगायला नको. बोर्डोच्या फवारणीसाठी तुम्ही मोरचूद आणि चुना कालवता, तोच मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आमच्या टेबलावर. रक्त द्यायला आलेल्याच्या बोटाला टोचायचं, थेंब घ्यायचा आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात वरून सोडायचा. पाणी असं बेतून केलेलं असतं की हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असेल तर थेंब खाली जातो, कमी असेल तर घुटमळतो आणि वर येतो. थेंब पाण्यात पडला की त्याच्याभोवती लगेच पापुद्रा धरतो, म्हणून तो विस्कटत नाही, मण्यासारखा गोल राहतो. 'बुडाला' म्हटलं की माणूस खुर्चीवर, 'तरंगला' म्हटलं की घरी. हल्ली मुठीत मावणारं यंत्र असतं, पट्टी सरकवली की आकडा येतो. पण मी मोरचुदावर वाढलेली बाई. निळ्या पाण्यातून लाल मणी सरळ तळाला जाताना बघितला की अजूनही मला बरं वाटतं.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी आज इथे उभी आहे.

दिवस असेच होते, मे महिन्याचे. रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील. एक बाई सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. सहा वर्षांचं पोर कडेवर कशाला, असं वाटेल तुम्हाला. त्याला चालवत नव्हतं. थॅलेसेमियाचं पोर. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल असं निपजेल. या मुलांच्या अंगात धड रक्त तयारच होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून चढवायचं, तेव्हा ते पोर पुन्हा खेळायला लागतं. त्याच्या ओठांचा रंग मला अजून आठवतो. मक्याच्या कणसाचं साल आतून असतं ना, तसा.

मी शीतकपाट उघडलं. त्याच्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, आणि त्या दोन्ही एका बाळंतिणीसाठी राखून ठेवलेल्या. ती ऑपरेशनच्या टेबलावर होती. मी बाहेर येऊन म्हटलं, ''ताई, उद्या सकाळी या, मी काहीतरी सोय करते.'' ती भांडली नाही. तिने फक्त विचारलं, ''मॅडम, जानेवारीत आम्ही आलो तेव्हा इथं बाहेर मांडव घातला होता. किती पोरं रांगेत होती! ते सगळं रक्त कुठं गेलं हो?''

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. तोंडातून काही ते निघालं नाही.

तुम्हाला सांगते. पिशवी गोळा झाली की आम्ही ती फिरवून तिचे भाग वेगळे करतो. तांबड्या पेशी एका पिशवीत, प्लाझ्मा दुसऱ्या, प्लेटलेट तिसऱ्या. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर राहतो. तांबड्या पेशी थंडीत ठेवल्या तर फार तर ४२ दिवस. आणि प्लेटलेट? पाच दिवस. डेंगीत ज्यांच्यासाठी तुम्ही रात्री-अपरात्री फोन करता त्याच. त्यांना थंडी चालत नाही, आणि त्या नुसत्या ठेवूनही चालत नाहीत. एका यंत्रावर त्या पिशव्या रात्रंदिवस हलत असतात, तान्ह्या बाळाच्या पाळण्यासारख्या. इतकं करून पाचव्या दिवशी आयुष्य संपतं.

आता हिशेब मांडा. २६ जानेवारीला दिलेलं रक्त ९ मार्चपर्यंत. म्हणजे प्रजासत्ताक दिनाचं रक्त गुढीपाडवा बघत नाही! मग एप्रिल, मे. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, लग्नसराई, ऊन, लोक गावाला. अपघात मात्र मे महिन्यात सुट्टी घेत नाहीत, बाळंतपणं घेत नाहीत, आणि थॅलेसेमियाची पोरं तर दर तीन आठवड्यांनी येणारच.

त्या जानेवारीतलं शिबिर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं होतं. नाव सांगणार नाही, आणि नावाने काही फरकही पडत नाही, कारण असं दर तालुक्यात होतं. फलकावर आधीच आकडा छापलेला, इतक्या पिशव्यांचा संकल्प. आम्ही सहा जण गेलो होतो. दुपारी मी आयोजकांना म्हटलं, आता पुरे, उरलेल्यांची नावं आणि फोन लिहून घ्या, आपण त्यांना मार्चमध्ये बोलवू. ते म्हणाले, ''मॅडम, आकडा गाठायचाय.'' प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर काही तासांच्या आत कराव्या लागतात. आमचं यंत्र रात्रभर फिरलं तरी तेवढं उरकणारं नव्हतं. जे उरकलं त्यातल्याही कित्येक प्लेटलेट सहाव्या दिवशी मी स्वतःच्या हाताने पिवळ्या पिशवीत टाकल्या. लोकांनी आपल्या अंगातून काढून दिलेली वस्तू कचऱ्याच्या पिशवीत टाकणं कसं असतं, ते मी तीस वर्षांत कुणाला समजावून सांगू शकले नाही.

शिवाय बक्षिसं. कुठे हेल्मेट, कुठे पाण्याचा जार. त्या रांगेतल्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही, ती मनापासून आलेली असतात. पण वस्तू मिळणार म्हटलं की माणूस अर्ज भरताना एखादी गोष्ट लपवतो. एकाने कावीळ होऊन गेलेली लपवली. एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, सिफिलिस आणि मलेरिया, या पाच तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, त्यात ती सापडली. पण लागण ताजी असेल तर काही दिवस तपासणीलाही चकवा बसतो. म्हणून आमची पहिली चाळणी म्हणजे देणाऱ्याचं खरं बोलणं. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे असायचे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून बंद झाले, ते याच कारणाने. विकणाऱ्याला खरं बोलणं परवडत नाही.

तर ती बाई. त्या रात्री मी घरी फोन लावला, आमच्या ह्यांना आणि शेजारच्या दोघांना बोलावलं, आणि सकाळपर्यंत पोराला रक्त मिळालं. पण दर तीन आठवड्यांनी मी शेजार कुठून आणू?

आमच्या गल्लीत बारा बायकांची भिशी होती. आहे अजून. दर महिन्याला पैसे काढायचे, चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिने घेऊन जायचे. त्या महिन्यात भिशी माझ्या घरी होती. मटकीची उसळ केली होती. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, आपण रक्ताची भिशी लावू. चिठ्ठीत महिना निघेल. ज्या महिन्यात जिचं नाव, तिने त्या महिन्यात पेढीत जाऊन रक्त द्यायचं. वाढदिवस नको, मांडव नको, फलक नको.

बाराही जणी तयार! दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना घेऊन गेले. एकेकीचं बोट टोचलं. बारातले पाच थेंब बुडाले. सात तरंगले.

मंडळी, या बायका रोज शेतात जाणाऱ्या, दहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या. कुणी स्वतःला आजारी समजत नव्हतं. सरकारी पाहणी सांगते की देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आहे. हा आकडा मी कितीदा वाचला होता. पण माझ्याच भिशीतल्या सात जणी निळ्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या तेव्हा तो मला कळला. एक जण म्हणाली, ''म्हणजे मलाच रक्त पाहिजे की गं!'' सगळ्या हसलो, पण ती खरं बोलत होती. डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. जेवणावर लगेच चहा बंद, गोळीबरोबर लिंबू. चौथ्या महिन्यात पुन्हा गेलो. सातातल्या पाच जणींचा थेंब बुडाला. त्या दिवशी आम्ही पेढीच्या पायरीवर पेढे वाटले. म्हणून म्हणते, भिशीचा पहिला फायदा देणारीलाच झाला.

मग नवरे आले, पोरं आली, गल्ली सोडून पलीकडचे आले. आज वहीत ४८ नावं आहेत. बाराने भागा, महिन्याला चार. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, त्यामुळे वर्षातून एकदा पाळी येणं म्हणजे काहीच नाही. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, काढतात ते साडेतीनशे किंवा साडेचारशे मिली. कुणी आजारी पडला तर पुढच्याशी महिना बदलून घेतो, अगदी भिशीसारखं. गट जुळवायचं काम पेढीचं.

चार पिशव्यांनी काय होतं, असं मला एका सभेत विचारलं होतं. थॅलेसेमियाच्या एका मुलाला महिन्याला एक-दोन पिशव्या लागतात. चार पिशव्यांत दोन-तीन मुलं महिनाभर शाळेत जातात. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, एकही शिबिर होत नव्हतं, तेव्हा आमचे चौघं पोलिसांची परवानगी खिशात ठेवून चालत गेले. त्या महिन्यात मला वहीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पगारवाढीचाही कधी वाटला नव्हता.

या वहीत एक नाव मी लाल शाईने लिहिलंय, त्याबद्दल सांगते आणि पुढे जाते. तो आमचा 'बॉम्बे' गटाचा माणूस. १९५२ साली मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले की ज्यांना कुणाचंच रक्त जुळेना. ए नाही, बी नाही, ओसुद्धा नाही. जगातल्या रक्तशास्त्रात आपल्या मुंबईचं नाव कायमचं लागलं ते तेव्हापासून. नेहमीच्या तपासणीत हा माणूस 'ओ' दिसतो. पण त्याचा सीरम, म्हणजे रक्तातलं पेशींवेगळं पाणी, ओ गटाच्या पेशींवर टाकला की पेशींच्या गुठळ्या होतात, आणि तंत्रज्ञाच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा सापडतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. आमचा हा माणूस दर पाळीला देत नाही, राखून ठेवतो. फोन आला की मिळेल त्या गाडीने निघतो. एकदा द्राक्षाची छाटणी टाकून सोलापूरला गेला होता. तो असा...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं. माझंच चुकलं, रक्तावर बोलायला लागले की घड्याळ दिसत नाही. उरलेली दोन्ही दानं तेवढीच महत्त्वाची आहेत, आता भराभर सांगते, नीट ऐका.

अस्थिमज्जा. या शब्दाने आपल्याकडे फार नुकसान केलंय. मज्जा म्हटलं की लोकांना मज्जारज्जू आठवतो, पाठीचा कणा आठवतो, आणि वाटतं कण्यात सुई घालणार, माणूस लुळा पडणार. तसं नाही हो! मटणाच्या रश्श्यातली नळी तुम्ही ताटावर आपटून चोखता ना? त्या नळीतला मऊ गाभा, ती मज्जा. कण्यातल्या दोरीचा आणि तिचा काही संबंध नाही. रक्ताच्या सगळ्या पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात. रक्ताचा कर्करोग झालेल्याची, किंवा त्या थॅलेसेमियाच्या पोराची मज्जा बदलली, तर आजार मुळातून जाऊ शकतो. पिशवी तीन आठवड्यांचं काम करते, मज्जा जन्माचं.

अडचण जुळण्याची आहे. सख्ख्या भावंडात जुळायची शक्यता चारात एक. उरलेल्यांना परका दाता शोधावा लागतो, आणि तो आपल्याच वंशाच्या, आपल्याच भागातल्या लोकांत सापडायची शक्यता जास्त. म्हणून मराठी माणसाची मज्जा मराठी माणसांतच शोधायला हवी, आणि त्यासाठी आपली नावं यादीत हवीत. चेन्नईची 'दात्री' आहे, बंगळूरची 'डीकेएमएस' आहे, त्यांच्याकडे नाव नोंदवता येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, झालं. वीस-पंचविशीतल्या पोरांनी हे आजच करावं. फोन कदाचित दहा वर्षांनी येईल, कदाचित कधीच नाही. आला, तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं घेऊन प्लेटलेट देतात तसं यंत्रावर तीन-चार तास बसायचं. क्वचित कमरेच्या हाडातून, भूल देऊन. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. दाता नक्की झाला की तिकडे रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी संपवतात, नव्या मज्जेला जागा व्हावी म्हणून. त्यानंतर दात्याच्या घरच्यांनी 'नको' म्हटलं तर त्या रुग्णाकडे काहीच उरत नाही. म्हणून विचार काय तो नोंदणीच्या आधी करा, घरच्यांशी बोलून करा.

अवयवदान. पाच मिनिटं आहेत. कायदा १९९४चा. ४ फेब्रुवारी १९९५ला तो लागू झाला तेव्हा पहिल्या तीन राज्यांत आपला महाराष्ट्र आणि गोवा होते, तिसरं हिमाचल. मेल्यावर अवयव मिळतात ते मुख्यतः मेंदूमृत माणसाचे, म्हणजे ज्याचा मेंदू कायमचा थांबलाय त्याचे. मेंदूमृत म्हणजे बेशुद्ध नव्हे, कोमा नव्हे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत माणूस येत नाही. व्हेंटिलेटरमुळे छाती हलते, अंग गरम लागतं, म्हणून घरच्यांना पटत नाही, आणि ते मी समजू शकते. म्हणूनच कायद्याने चार डॉक्टर लावलेत, आणि त्यांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचं. नंतर घरच्यांचा होकार. अवयव कुणाला जायचे ते त्या रुग्णालयाच्या मर्जीवर नसतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत, प्रतीक्षायादी त्यांच्याकडे असते. हृदय चार तासांत पोचावं लागतं, म्हणून ते पोलीस रस्ता मोकळा करतात. अवयव काढण्याचा खर्च घरच्यांवर नाही. देह नीट शिवून परत देतात, अंत्यसंस्कार सगळे करता येतात.

आणि बायकांनो, हे तुमच्यासाठी. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यातली २९,६९५ पुरुषांना, ६,९४५ बायकांना. आणि जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त. आई देते, बायको देते. तिचं मूत्रपिंड निकामी झालं तर मात्र डायलिसिसवर भागवतात. मेल्यावर आपण देत नाही, म्हणून जित्या बाईच्या अंगावर टाके पडतात. मला याचा फार राग येतो. मेंदूमृत माणसाची दोन मूत्रपिंडं मिळाली तर दोन घरांतल्या बायकांवरचा दबाव जातो. आणि त्यातली एखादी यादीत असेल तर तिलाही मिळेल.

आधारवरून ऑनलाइन प्रतिज्ञा करता येते, करा. पण त्या क्षणी डॉक्टर विचारतात घरच्यांना. म्हणून घरी बोलून ठेवा. माझी आई ८४ वर्षांची होऊन गेली. एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ''माझे डोळे देऊन टाका गं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालतं का विचार.'' चालतं. चष्मा चालतो, वय कितीही चालतं. माझा भाऊ, वहिनी, नातवंडं सगळी तिथेच बसलेली होती, सगळ्यांनी ऐकलं. ती गेली पहाटे दोनला. आम्ही पापण्या मिटल्या, वर ओला कापूस ठेवला, उशी उंच केली, पंखा बंद केला. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, तर पथक चार वाजता घरी आलं. अर्धा तासही लागला नाही. मी आत गेले तेव्हा आईचा चेहरा होता तसाच होता, खड्डा नाही, काही नाही. रडत होतो सगळे, पण 'असं कसं करता' असं कुणी म्हणालं नाही.

अध्यक्ष उभे राहिले, थांबते. भिशीची वही बाहेर दाराशी ठेवलीय. पेढीतली माझी जुनी सहकारी मुद्दाम आलीय, तिच्याकडे मोरचुदाची बाटली आहे, ज्यांना आपला थेंब बघायचाय त्यांनी बोट घेऊन या. जूनच्या पानावर दोन नावं कमी आहेत.